रोवणीच्या दिवसांत दोन जिवाची

जुलैचा दुसरा आठवडा लागला की आमच्या उपकेंद्रातली गरोदर बायांची रांग आखूड होते. कोणाचा त्रास कमी झालेला नसतो, धानाची रोवणी लागलेली असते. लाखांदूर तालुक्यातला हा चौरास पट्टा, एका अंगाला वैनगंगा, दुसऱ्या अंगाला चुलबंद. पाऊस मनासारखा झाला, बांध्या भरल्या, चिखल झाला की हातपाय चालते असलेली प्रत्येक बाई सकाळीच शेतावर असते. त्यात पाचवा-सहावा महिना लागलेल्या असतात, कधी आठव्यातलीही असते. तपासणीची तारीख उलटून जाते, ती येत नाही, घरचे पाठवत नाहीत. रोवणीचे दिवस मोजके. या दिवसांत जी मजुरी हाती पडते तिच्यावर पुढे कितीतरी दिवस किराणा चालतो. हे मला ठाऊक आहे, म्हणून मी रागावत नाही. बॅग घेते आणि शेतावर जाते.

आरोग्यसेविका म्हणून बरीच वर्षं या गावांमधून फिरते आहे. गरोदरपणातली काळजी या विषयावर प्रशिक्षणं झाली, सभा झाल्या, भिंतींवर तक्ते लागले. त्या सगळ्यांत एक वाक्य हमखास असतं: गरोदर मातेने दुपारी दोन तास आणि रात्री आठ तास विश्रांती घ्यावी. वाक्य खरं आहे. पण ते ज्या बाईसाठी लिहिलं आहे तिच्या दिवसात ते दोन तास कुठून काढायचे, हे तक्ता सांगत नाही. ती पहाटे उठून शेण काढते, बोअरिंगवरून पाणी आणते, सगळ्यांचा स्वयंपाक करते, मग शेतावर जाते. दुपारचे दोन तास तिच्या हातात नाहीत. ते सासूच्या, नवऱ्याच्या, जावेच्या आणि शेतमालकाच्या हातात आहेत. म्हणून मी आता बाईला एकटीला सल्ला देत नाही. तिच्या दिवसातलं कोणतं काम कोण उचलणार, ते विचारते.

रोवणी कशी होते ते शहरातल्या वाचकांना नीट कळावं म्हणून लिहिते. बाई कमरेत वाकलेली, पाय पोटरीपर्यंत चिखलात, डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची जुडी. उजव्या हाताने दोन-तीन काड्या सुटवायच्या, चिखलात रोवायच्या आणि पाऊल मागे घ्यायचं. या कामात माणूस मागे सरकत जातो. त्यामुळे मागचा खड्डा, बुडालेला दगड, खेकड्याचं बीळ काही दिसत नाही. पोट पुढे आलेल्या बाईचा तोल आधीच बदललेला असतो, गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल झालेले असतात, आणि ती मागे न पाहता मागे जात असते. बहुतेक ठिकाणी रोवणी एकराच्या ठेक्याने घेतात. बायांची टोळी असते, मजुरी सगळ्यांत सारखी वाटतात. टोळीतली एक मागे पडली तर बाकीच्यांचं नुकसान होतं. म्हणून ती कमर फाटत असली तरी उभी राहत नाही.

कंबरदुखी दिसते तरी. न दिसणारा त्रास लघवीचा. उघड्या बांधीत आडोसा नाही, म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. संध्याकाळी लघवीला जळजळ होते. "उन्हाळी लागली जी, धने-जिरं भिजवून पेतो," असं सांगून विषय संपवतात. गरोदरपणात ही जळजळ साधी नसते. लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो, त्यातून ताप येतो, आणि दिवस भरायच्या आधी कळा सुरू होण्याचं ते एक कारण आहे. धने-जिऱ्याचं पाणी खुशाल प्यावं, पण लघवी तपासून घ्यावी. औषध लागलं तर गरोदरपणात चालणारंच डॉक्टर देतात.

धुऱ्यावर उभं राहून मी टोळीच्या मुख्य बाईशी बोलते. तिच्या शब्दाला तिथे वजन असतं. माझं मागणं फार नसतं. सहाव्या-सातव्या महिन्याच्या पुढची बाई रोवणीच्या ओळीत नको. तिला पिढ्यावर बसून पऱ्हे उपटायला, जुड्या बांधायला बसवा. जड पेंड्या डोक्यावर देऊ नका. एक ताडपत्री आडोशाला बांधा, म्हणजे सगळ्याच बायांची सोय होते. कॅन भरून पाणी ठेवा. आणि बसून काम केलं म्हणून तिची मजुरी कापू नका. या शेवटच्या मुद्द्यावर घोडं अडतं. काही टोळ्या ऐकतात, काही ऐकत नाहीत. जिथे शेतमालकिणीने स्वतः "बसू द्या तिले" म्हटलं, तिथे काम झालं, हा माझा अनुभव. पुरुष मालकाशी बोलण्यापेक्षा त्याच्या बायकोशी किंवा आईशी बोललेलं लवकर फळतं.

चिखलात दिवसभर भिजलेल्या पायांना चिखल्या होतात, बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून सोलते. संध्याकाळी पाय स्वच्छ धुऊन, कोरडे करून, बेचक्यांत खोबरेल लावून झोपायचं. जखम लाल झाली, पू आला तर दाखवायचं. एवढीशी गोष्ट, पण रात्री पायांची आग थांबली की बाईला झोप लागते. दोन जिवाच्या बाईला झोपेइतकं दुसरं औषध क्वचितच असतं.

सासवांबद्दल मला दोन शब्द जास्त लिहायचे आहेत, कारण आरोग्यखात्याच्या बोलण्यात सासू ही नेहमी अडथळा म्हणून येते. एका घरी सून सातव्यात, हिमोग्लोबिन 8 च्या आत-बाहेर, आणि रोज रोवणीला. मी सासूबाईंना म्हटलं, हिला घरी ठेवा. त्या म्हणाल्या, "आमी नाई का केलं जी? रोवन्यातूनच घरी आली न रातरी पोरगा झाला. मले कोनी बसवलं नाई." मी त्यांच्याजवळ ओट्यावर बसले. विचारलं, "माय, तुमचे किती झाले?" त्यांनी बोटांवर मोजलं. "सात." मग थोडं थांबून स्वतःच म्हणाल्या, "चार रायले." कोणते गेले, कधी गेले, हे त्यांनी एकेक करून सांगितलं. एक जन्मताच, एक दीड महिन्याचा, एक तापात. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सून घरी होती आणि तिच्या जागी सासूबाई रोवणीला गेल्या होत्या. त्यांच्या वयाला ते काम किती जड गेलं असेल, ते मी जाणते. ज्या बाईने सोसलं आहे तिला सोसण्याची किंमत समजावून सांगावी लागत नाही, तिला कोणीतरी विचारावं लागतं. तेव्हापासून मी सासूला रागाने बोलत नाही आणि आमच्या आशाताईंनाही बोलू देत नाही.

लाल गोळीचं वेगळंच आहे. घरोघरी ती पोहोचते, घशाखाली उतरतेच असं नाही. पत्र्याच्या पेटीत, देव्हाऱ्याच्या मागे, तांदळाच्या डब्यात मला न फोडलेल्या पट्ट्या सापडल्या आहेत. गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तेवढेच दिवस. न घेण्याची कारणं बाया मोकळेपणी सांगतात, जर विचारणारी व्यक्ती रागावत नसेल तर. मळमळतं. संडास काळी होते. पोट घट्ट होतं. आणि सगळ्यांत खोल रुतलेली भीती अशी की "गोरी खाल्ली का लेकरू मोठं होते, मंग बारंतपन अडते."

काळ्या संडासचं मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे ती घाबरत नाही. मळमळ होत असेल तर गोळी सकाळी उपाशी पोटी न घेता रात्री जेवण झाल्यावर, झोपायच्या आधी घ्यायची. मळमळ झाली तरी झोपेत जाते. लिंबू पिळून पाणी घेतलं तर लोह जास्त अंगी लागतं. चहासोबत मात्र गोळी नाही, चहा तिचं काम अर्ध्यावर आणतो. जेवणावरही लगेच चहा नको. कॅल्शियमच्या गोळ्या दोन, सकाळच्या आणि दुपारच्या जेवणानंतर, लोहाच्या गोळीपासून दूर, कारण दोन्ही एकत्र घेतल्या की लोह अंगी लागत नाही. जंताची गोळी तिसरा महिना संपल्यावर एकदा. पोट घट्ट होण्यावर पाणी, पालेभाजी, पेरू. आता मी "गोळ्या घेतल्या का?" असा प्रश्न विचारत नाही, त्याला उत्तर "हो"च येतं. रिकाम्या पट्ट्या सांभाळून ठेवायला सांगते आणि त्या पाहते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या दर 100 गरोदर बायांमागे 52 जणींचं हिमोग्लोबिन 11 च्या खाली निघालं होतं. आमच्या गावांत हे ओळखायला मला अहवालाची गरज पडत नाही. पापणी खाली ओढून पाहिली, तळहात उलटा केला की पांढरेपणा दिसतो. सात ग्रॅमच्या खाली गेलेली बाई गोळीवर सोडता येत नाही, तिला दवाखान्यातच पाठवावं लागतं. मध्यम कमतरता असलेल्या बायांनाही शिरेतून लोह देण्याची सोय आता मोठ्या दवाखान्यांत आहे. बाळंतपणात रक्त जातंच. ज्या बाईच्या अंगात मुळात रक्त कमी, तिला थोडं रक्त गेलं तरी ते जिवावर बेतू शकतं.

खाण्यापिण्याचे सल्ले देताना सफरचंद आणि बदाम यांची चित्रं दाखवणं मी केव्हाच बंद केलं. आमच्या घरी भात आहे, पातळ आंबट वरण आहे. त्या ताटात काय वाढवता येईल ते पाहायचं. धुऱ्यावर तूर लावलेलीच असते, पण चांगली डाळ विकली जाते आणि घरी चुरी राहते. ती चुरी तरी वरणात घट्ट पडू द्या, तिला दोन वाट्या वाढा. पावसाळ्यात तरोट्याची भाजी, अंबाडी, चवळाई फुकटात मिळते. हिवाळ्यात पोपटीच्या शेंगा. भंडारा हा तलावांचा जिल्हा, जुन्या मालगुजारी तलावांत ढिवर बांधव मासेमारी करतात. लहान मासोळ्या काट्यासकट खाल्ल्या तर कॅल्शियम आणि प्रथिनं दोन्ही मिळतात, झिंग्यांचंही तसंच. शिंगाडे याच तलावांतले. जवसाची चटणी, तीळ-गूळ घरचेच. अंडं परवडतं, पण ते गरोदर बाईच्या ताटात शेवटी येतं. आधी पुरुष, मग लेकरं, मग सासू-सासरे, आणि भांड्यात उरलं तर ती. या क्रमावर मी प्रत्येक घरी बोलते. तिला नेहमीपेक्षा रोज एखादं जेवण जास्त लागतं, पोट लहान झालेलं असतं म्हणून ते थोडं थोडं, चार-पाच वेळा. नऊ महिन्यांत नऊ ते अकरा किलो वजन वाढायला हवं. "कमी खाल्लं का बारंतपन सोपं" या समजुतीने अडीच किलोच्या आतली लेकरं जन्माला येतात. अडणाऱ्या बाळंतपणाची कारणं बहुतेक वेळा वेगळीच असतात: बाळ आडवं असणं, कंबरेचं हाड अरुंद असणं, कळा नीट न येणं.

लाखोळीचा प्रश्न इथे नेहमी निघतो. धान उभं असतानाच ओल्या बांधीत लाखोळी फेकून पेरायची, धान कापलं की ती वर येते. खर्च नाही, पाणी नाही. तिच्या डाळीत ओडॅप नावाचा घटक असतो, आणि महिनोन्महिने दुसरं काही न खाता तिच्यावरच पोट भरलं तर पाय लुळे पडू शकतात. म्हणून 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली, नागपूरच्या डॉ. शांतीलाल कोठारींनी त्या बंदीविरुद्ध दीर्घ लढा दिला. आमच्या बुढ्या बाया म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली, काही झालं नाही. मी वाद घालत नाही. गरोदर बाईसाठी एवढंच सांगते की लाखोळी रोजची मुख्य डाळ नको, तूर-मूग मुख्य असू द्या. घरात तीच असेल तर गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्या. हिरव्या लाखोळीच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी अधूनमधून झाली म्हणून कोणी धास्तावू नये.

खर्रा आणि गुडाखू यांच्याबाबतीत मात्र मी कोणतीही सवलत देत नाही. दात घासायच्या निमित्ताने सुरू झालेला गुडाखू गरोदरपणातही सुटत नाही, उलट मळमळ थांबते म्हणून वाढतो. बिड्या वळणाऱ्या बाया सूप मांडीवर घेऊन तंबाखूच्या धुळीत तास न्‌ तास बसतात. हात न धुता त्याच हाताने जेवतात. तंबाखूने बाळाचं वजन घटतं, वेळेआधी बाळंत होण्याची भीती वाढते. बिडीचं काम सोडणं ज्या घराला परवडत नाही, तिथे निदान दारात, वाऱ्यावर बसा, तोंडाला फडकं बांधा, उठताना साबणाने हात धुवा, तासाभराने उठून चार पावलं चाला.

शरीराच्या बारीकसारीक तक्रारींना आमच्याकडे कोणी तक्रार म्हणत नाही. "त्यात काय, सगळ्याइलेच होते." होतंच, पण म्हणून सोसलंच पाहिजे असं नाही. सकाळची मळमळ असेल तर उठण्याआधी अंथरुणातच मूठभर मुरमुरे किंवा लाह्या खाव्या, दहा मिनिटांनी उठावं. आल्याचा तुकडा चघळावा. छातीत जळजळ होते तिने रात्री पोटभर जेवून लगेच आडवं होऊ नये. रात्री पोटरीत गोळा आला तर पाय सरळ करून पायाचा पंजा आपल्याकडे ओढावा, काही क्षणांत सुटतो. सहाव्या महिन्यानंतर उताणं झोपलं की जड गर्भाशय पाठीकडच्या मोठ्या शिरेवर दाबतं, घाबरल्यासारखं होतं. कुशीवर झोपावं, डाव्या कुशीवर उत्तम, दोन गुडघ्यांच्या मध्ये घडी केलेली वाकळ ठेवावी. हा वाकळीचा उपाय मी ज्या बाईला दाखवला तिने दुसऱ्या महिन्यात येऊन आधी त्याचंच सांगितलं, हिमोग्लोबिनचं नंतर. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 अंशांपर्यंत जातो. टिनाच्या छपराखाली दुपारी गरोदर बाई भाजून निघते. अंगणातल्या झाडाखाली खाट, ओला दुपट्टा, दर तासाला पाणी, मीठ-साखर-लिंबू. तेंदूपत्त्याला जायचंच असेल तर पहाटे जाऊन ऊन चढायच्या आत परत.

आता सिकलसेल. पूर्व विदर्भात हे टाळून गरोदरपणावर लिहिता येत नाही. एखाद्याच समाजाचा आजार म्हणून त्याकडे बोट दाखवणं चुकीचं आणि घातकही आहे, कारण मग बाकीचे तपासतच नाहीत. तपासणी आमच्या उपकेंद्रात होते. बोटाच्या टोकाचं थेंबभर रक्त छोट्या नळीतल्या द्रावात टाकायचं, हलवायचं, थोडा वेळ थांबायचं आणि नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर ठीक. द्राव गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर रक्तात सिकलचा दोष आहे. ती बाई फक्त वाहक आहे की रुग्ण, हे मात्र या नळीतून कळत नाही. त्यासाठी रक्त मोठ्या तपासणीला पाठवावं लागतं. त्या रेघा पुसट होताना मी पाहिल्या की माझ्या तोंडावर काही दिसू नये याची मी काळजी घेते. कारण समोरची बाई नळीकडे पाहत नसते, माझ्याकडे पाहत असते.

वाहक बाई सर्वसाधारणपणे निरोगी असते, तिला ते आधी सांगायचं. मग नवऱ्याची तपासणी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. नवऱ्याला तपासणीला आणणं हे या कामातलं सगळ्यांत कठीण काम. दोष सुनेचा म्हणून तिला माहेरी पाठवल्याची घरं मी पाहिली आहेत, आणि बाळाकडे आजार आईबाप दोघांकडूनही येतो हे त्या घरांना बसून समजावलंही आहे. जी स्वतः रुग्ण आहे तिचं गरोदरपण पहिल्या दिवसापासून जोखमीचं. हाडं-सांधे ठणकतात तेव्हा "वात आला" म्हणून शेकत बसायचं नाही. तिला पाणी भरपूर लागतं, थंडीपासून जपावं लागतं, साधा तापही दाखवावा लागतो. फॉलिक ॲसिड जास्त मात्रेत लागतं, पण लोहाच्या गोळ्या तपासणी करून, डॉक्टरांच्या सांगण्यानेच. ती आधीपासून हायड्रॉक्सियुरिया घेत असेल तर दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना सांगायला हवं. बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या दवाखान्यात. 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, तेव्हापासून गावात निदान या आजाराचं नाव मोठ्याने घेतलं जातं. मला विचाराल तर ही तपासणी गरोदरपणात होणं म्हणजे उशीरच; ती शाळा-कॉलेजात, लग्न जुळण्याआधी व्हायला हवी.

सोसायचा त्रास कोणता आणि धावायचा कोणता, हे ओळखता येणं सगळ्यांत महत्त्वाचं. धान कापणीच्या दिवसांतली गोष्ट. आशाताईचा फोन आला की आठव्यातली एक सून दोन दिवसांपासून डोकं धरून बसली आहे. गेले तर बाई खाटेवर. पायांवर सूज, ती तर कित्येकींना असते. पण तिच्या हातांवरही सूज होती, हिरव्या बांगड्या मनगटात रुतून बसल्या होत्या, सरकत नव्हत्या. चेहरा फुगलेला. म्हणाली, "डोर्‍यापुढं चमकते जी." रक्तदाब 160/110. लघवीच्या पट्टीचा रंग पाहता पाहता हिरवा झाला, प्रथिनं जात होती. घरचे सांगत होते की पोरगा होणार म्हणून सूज आली आहे. नवरा गाडीच्या पैशासाठी उसनवारी करायला गावात गेला होता आणि त्याला यायला वेळ लागत होता. मी 108 लावली. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी झटक्यांचं पहिलं इंजेक्शन, मॅग्नेशियम सल्फेट, दिलं आणि तिथून तिला भंडाऱ्याला हलवलं. वाटेत झटका आला नाही. बाळ कमी वजनाचं झालं, काही दिवस नवजात कक्षात राहिलं, आणि दोघं घरी आली. रक्तदाब 140/90 झाला की आम्ही सावध होतो. तो मोजल्याशिवाय कळत नाही, आणि बाईला काहीही वाटत नसताना तो वाढलेला असू शकतो. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर स्वतः तपासतात ते यासाठी. 2016 पासून हे सुरू आहे. बाया विचारतात, "तब्येत चांगली हाये त कायले येऊ?" चांगली आहे ना, ते पाहायलाच.

पावसाळ्यात आणखी एक हिशेब करावा लागतो, रस्त्याचा. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला तेव्हा नदीकाठची गावं कशी तुटतात ते सगळ्या जिल्ह्याने पाहिलं. आता जूनमध्येच आम्ही यादी करतो: कोणाचे दिवस जुलै ते सप्टेंबरमध्ये भरतात, कोणाच्या गावाच्या वाटेवर नाला आहे. त्या बायांना तारखेच्या आठ-दहा दिवस आधी पक्क्या रस्त्यावरच्या नातेवाइकाकडे हलवायचं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत असते. माहेर पाण्यापलीकडे असेल तर या वर्षापुरती रीत बाजूला ठेवा, असं मी स्पष्ट सांगते.

ज्यांच्या घरी आज कोणी दोन जिवाची आहे त्यांना माझं सांगणं एवढंच. पाणी भरण्याचं आणि शेणाचं काम आजपासून दुसऱ्या कोणीतरी घ्यावं. तपासणीला येताना नवऱ्याने सोबत यावं आणि कार्डावर काय लिहिलं ते स्वतः वाचावं. आणि अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, डोकं जोरात दुखून डोळ्यांपुढे चमकलं, चेहरा-हात सुजले, झटका आला, ताप चढला, श्वास लागला, पोटात सतत दुखलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, यातलं एक जरी झालं तरी सकाळ होण्याची, पैसे जमण्याची, कोणाला विचारण्याची वाट पाहू नका. 108 लावा, नाहीतर 102. रात्री कितीही वाजता लावा. गाडीचे पैसे लागत नाहीत, आणि सरकारी दवाखान्यात बाळंतपणाचे, सिझेरियनचे, रक्ताचे, परत घरी सोडण्याचेही लागत नाहीत.